खूण

आमच्या भाषेत 'ब्येन' लिहून
वर गळासारखा बारीक आकडा टाकला
की समुद्र होतो.
आकड्याच्या जागी तिरकी रेघ ओढली
की उलथापालथ.

ख्येमचा फोन जुना. काच तडकलेली,
खुणांची कळ दाबली तरी उमटायची नाही.
तो सगळं बिनखुणांचं लिही.
तसं आम्ही बरेच जण लिहितो, वाचणारा खुणा भरून घेतो,
अंधारात नुसतं खोकलं तरी
आपलं माणूस कळतं ना, तसं.

त्या पहाटे वाळूवर मासे आले.
बांगडे, तारल्या, खोल पाण्यातले
ज्यांची नावं सासऱ्यांनाही ठाऊक नव्हती असले,
पोटं वर करून,
कारखान्याच्या नळापासून आमच्या बोटींपर्यंत.
कुत्री हुंगून मागे फिरत होती.
ख्येमनं इंजिनाचं ग्रीस विजारीला पुसलं
आणि उभ्या उभ्या सात ओळी लिहिल्या.
सातवी अशी :
ब्येन आता दाराशी येईल.

रात्रीपर्यंत चाळीस हजार लोकांनी वाचलं म्हणे.
मी नाही वाचलं. मी पिंपात मीठ भरत होते.

कोर्टात सरकारी वकिलानं
सातव्या ओळीला आवाज चढवला.
तिरकी रेघ त्याच्या घशातच होती.
भाषेचे जाणकार म्हणून आणलेले म्हातारे गृहस्थ
चष्मा पुसत म्हणाले, दोन्ही अर्थ लागतात.
त्यांना पुन्हा विचारलं.
मग एकच लागला.
ख्येम म्हणाला, मी समुद्र म्हणालो.
न्यायाधीश म्हणाले, मग खूण का नाही दिली?

सहा वर्षं.
आणि सुटल्यावर तीन, गावाची वेस न ओलांडता.

खरं सांगते, पहिलं वर्षभर
मी त्यांच्यावर रागावलेच नाही.
फोनच्या दुरुस्तीला चार लाख डोंग पडत होते,
आमचे चार लाख म्हणजे दोन टोपल्या मासे,
आणि मी म्हटलं होतं, पुढच्या महिन्यात बघू.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.
सासूबाई देवापुढे उदबत्ती लावताना
कारखान्याला शिव्या घालतात, सरकारला घालतात,
मी मागे उभी राहून
माझी पाळी यायची वाट पाहते.

उत्तरेला एकोणीस तासांची बस.
काचेपलीकडे तो, कानाला फोन,
बाजूला वही घेतलेला पोरगेला शिपाई.
फक्त घर आणि तब्येत, एवढंच बोलायचं.
मी म्हणाले, मांजर हल्ली मासा खात नाही.
शिपायानं पेन थांबवलं.
बघितलं माझ्याकडे.
हे घरात बसतं का, तब्येतीत,
की तोही कुठल्या किनाऱ्याचा, कोण जाणे.
लिहिलं नाही त्यानं.
ख्येम हसला, तेव्हा दिसलं
खालचे दोन दात नाहीत.
मी विचारलं नाही. वेळ संपली होती.

परवा पत्र आलं.
ख्येमचं अक्षर ओळखू येईना,
पहिलीतल्या मुलासारखं, एकेक खूण ठळक, ठासून,
कागद मागून टोचतो बोटांना.
अर्ध्या ओळींवर काळी शाई फिरवलेली.
आठ वर्षांची ङ्वेत माझ्या मांडीवर चढून
मोठ्यानं वाचत गेली :
आई, काळं. मी बरा, काळं, काळं, भात, काळं.

मग थांबली.
ज्यानं कुणी शाई फिरवली
त्यानं शब्द झाकले सरळ पट्टीनं,
ओळीच्या उंचीइतके.
खुणा वर राहिल्यात.
काळ्या पट्टीच्या डोक्यावर कुठे टोपी, कुठे टिंब,
आणि तिसऱ्या ओळीत, मधोमध,
एक गळ.

ङ्वेतनं त्यावर बोट ठेवलं.
बघ, म्हणाली, हा इथे बुडाला नाही.
इथे काय लिहिलं असेल गं?

मी चुलीवरचं भांडं उतरवलं.
दार उघडंच होतं.